घोडेस्वारांचा ट्रेलवरचा हक्क: मागणी रास्त, पण पुरावा भलताच



सिनॉप्सिसच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे: "या पेपरमधली उणीव सांगा." आणि आपलं ठरलेलं उत्तर: "सर, सॅम्पल साइझ लहान आहे." मीही पहिली दोन वर्षं हेच उत्तर द्यायचे. ते बऱ्याचदा खरंही असतं, पण त्यातून आपण पेपर वाचलाय हे काही सिद्ध होत नाही. म्हणून आज एक वाद घेऊन बसू या आणि त्यातले पेपर खरोखर तपासू या.

वाद अमेरिकेतला आहे. सरकारी जंगलांत आणि राष्ट्रीय उद्यानांत जे ट्रेल आहेत, त्यांवर घोडेस्वारांना जाऊ द्यायचं की नाही? तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? माझा असा आहे, की माझा विषय पायवाटांच्या कडेची माती आणि तिथे रुजणारं बी हा आहे, आणि या विषयावरचं जुनं साहित्य बरंचसं अमेरिकेतून येतं. माणसांच्या फिरण्या-भटकण्याचा निसर्गावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला 'रिक्रिएशन इकॉलॉजी' म्हणतात. त्यात घोड्यांवर बरंच लिहिलं गेलंय.

माझ्या लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: 'घोड्यांमुळे ट्रेलची धूप सर्वाधिक होते.' पुढे तीन संदर्भ. वाक्य किती भारदस्त वाटत होतं! गाइडनी पेन्सिलने त्याला गोल केला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: 'काय मोजलंय?' मला उत्तर देता आलं नाही, कारण तिन्ही पेपरांचे मी फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचले होते. मग आठवडाभर मूळ पेपर घेऊन बसले. हा लेख त्या आठवड्याचा आहे.

मागणी नेमकी काय आहे?

आधी घोडेस्वारांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ. टीका करायची तर समोरच्याचा मुद्दा त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात मांडावा लागतो. कच्चा करून मांडला की पाडायला सोपा जातो, पण मग आपण दुसऱ्याच कुणाशी भांडत असतो.

अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १,५८,००० मैलांचे, म्हणजे अडीच लाख किलोमीटरहून जास्त लांबीचे ट्रेल आहेत. राष्ट्रीय उद्यानं आणि इतर सरकारी जमिनी वेगळ्याच. यातल्या कित्येक वाटा मुळात घोड्या-खेचरांच्या पायांनीच पडल्या. नंतर पायी फिरणारे वाढले, मग सायकली आल्या, गर्दी झाली, आणि ठिकठिकाणी घोड्यांवर बंधनं येऊ लागली. त्याविरुद्ध संघटनाही उभ्या राहिल्या. त्यांतली मोठी म्हणजे 'बॅक कंट्री हॉर्समेन'. १९७३ साली मोन्टाना राज्यातल्या फ्लॅटहेड खोऱ्यात तिची सुरुवात झाली.

घोडेस्वारांच्या बाजूने साधारण चार मुद्दे मांडले जातात. एक, कायदा आणि परंपरा आमच्या बाजूने आहे. दोन, ट्रेलची दुरुस्ती आम्ही करतो. तीन, ज्यांना वयामुळे किंवा अपंगत्वामुळे दूरवर चालता येत नाही, त्यांना घोडा तिथवर नेतो. आणि चार, घोड्यांमुळे विशेष नुकसान होतं असं विज्ञान सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिले तीन मुद्दे कमी-जास्त प्रमाणात टिकतात. चौथा टिकत नाही. आणि गंमत म्हणजे पेपरांचे दाखले सगळ्यांत जास्त याच चौथ्या मुद्द्यासाठी दिले जातात. समोरची बाजूही काही कमी नाही. 'घोडे ट्रेलची वाट लावतात हे सिद्ध झालंय' असं ती तेच पेपर दाखवून म्हणते. दोघांनी मिळून एकेक पेपर अर्धा-अर्धा वाटून घेतलाय म्हणा ना.

मोन्टानाचा प्रयोग: शंभर फेऱ्या

या वादात हमखास येणारा पेपर म्हणजे विल्सन आणि सेनी यांचा, १९९४ चा. मोन्टानातल्या गॅलाटिन राष्ट्रीय वनाच्या परिसरात त्यांनी आधीपासून असलेल्या ट्रेलवर १०८ प्लॉट आखले. त्यांवरून माणसं, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांच्या १०० फेऱ्यांपर्यंत फेऱ्या केल्या. काही प्लॉट आधी भिजवलेले, काही कोरडे. मग कृत्रिम पाऊस पाडून किती माती वाहून येते ते मोजलं. निष्कर्ष असा, की खूर आणि पाय चाकांपेक्षा जास्त माती मोकळी करतात, आणि आधी भिजलेल्या ट्रेलवर हा फरक जास्त ठळक दिसतो.

एवढं वाचून माझं ते वाक्य तयार झालं होतं. आता गाइडचा प्रश्न विचारा: काय मोजलंय? मोजलीय ती पावसासोबत वाहून जाऊ शकेल अशी सुटी झालेली माती, तीही एका मर्यादित प्रयोगानंतर. 'या ट्रेलची दहा वर्षांत किती धूप झाली' हा प्रश्न इथे विचारलेलाच नाही. सुटी झालेली माती पुढे कुठे जाते, हे उतारावर आणि पाणी काढून देण्याच्या सोयीवर अवलंबून असतं. ती चार हात खाली जाऊन बसेल किंवा ओढ्यात जाईल. आपल्याकडे शेतकरी नांगरतो तेव्हाही माती मोकळी होतेच. बांध शाबूत असेल तर ती शेतातच राहते.

दुसरी गोष्ट. सायकलवाले हा पेपर दाखवून म्हणतात, "बघा, चाकं पायांपेक्षा बरी." पायी जाणारे म्हणतात, "बघा, घोडे वाईट." पण याच पेपरात खूर आणि पाय एकाच बाजूला उभे आहेत! पायी चालणाऱ्यांनी घोड्यांविरुद्ध हा दाखला देताना तेवढी ओळ गाळायची, हे काही बरोबर नाही.

तिसरी गोष्ट एककाची. तुलना 'दर फेरीमागे' केलेली आहे. प्रयोगासाठी ते योग्यच. पण धोरण ठरवताना विचारायला हवं, की एका ट्रेलवरून वर्षाला घोडे किती जातात आणि माणसं किती? दर फेरीला घोड्याने जास्त माती उकरली तरी माणसांच्या फेऱ्या शेकडो पटींनी जास्त असतील तर एकूण हिशेब उलटू शकतो. याउलट, सामान वाहणाऱ्या खेचरांची लांब रांग दर आठवड्याला त्याच वाटेने जात असेल तर हिशेब आणखी वाईट होईल. 'दर फेरी'चा आकडा उचलून 'एकूण नुकसान' म्हणून वापरला की चूक झालीच. ही चूक आपण सगळे करतो, विषय कोणताही असो.

मग घोडेस्वारांचा चौथा मुद्दा खरा ठरला का? नाही. १९९८ साली डिलुका आणि सहकाऱ्यांनी पश्चिम मोन्टानात घोडा, माणूस आणि लामा यांची तुलना केली. (लामा म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला, ओझी वाहणारा प्राणी.) घोड्यांच्या वाटेवरून सातत्याने जास्त माती निघाली. लामा मात्र माणसांच्याच रांगेत बसला. हे समजायला अवघडही नाही. साडेचारशे-पाचशे किलोंचा प्राणी, वर स्वार आणि खोगीर, आणि हा सगळा भार चार लहान खुरांवर, तोही बहुतेकदा लोखंडी नालांसकट. ओल्या मातीत तो खूर रुतणार आणि निघताना माती उपसणार. लामा हलका, त्याचे तळवे मऊ. तेव्हा 'घोडा माणसाइतकाच निरुपद्रवी' हे म्हणणं सोडून द्यावं लागेल. दर फेरीला घोडा जास्त माती मोकळी करतो. हे मान्य करून पुढे बोलायला हवं.

वाट कशी आखली आहे?

प्रयोगातून बाहेर पडून प्रत्यक्ष ट्रेल बघणारा पेपर म्हणजे ऑलिव्ह आणि मॅरियन यांचा, २००९ चा. केंटकी आणि टेनेसी राज्यांच्या सीमेवर बिग साउथ फोर्क नावाचं राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र आहे. तिथल्या ट्रेलवरून किती माती गेली, हे त्यांनी मोजलं आणि त्यामागची कारणं तपासली. घोड्यांचे आणि चारचाकी एटीव्हींचे ट्रेल पायी व सायकलच्या ट्रेलपेक्षा स्पष्टपणे जास्त झिजलेले निघाले. विरोधक इथे थांबतात.

पण त्याच पेपरात पुढे आहे, की ट्रेलचा चढ, डोंगरउताराशी असलेला त्याचा कोन आणि पाण्याचा निचरा यांचाही मातीच्या झिजेशी ठळक संबंध दिसला. वाट उताराला समांतर, सरळ खाली उतरत असेल तर पावसाळ्यात ती वाट राहत नाही, ओढा होते. आडवी, उताराला कापत जाणारी असेल तर पाणी बाजूला काढून देता येतं. किल्ल्यांवर फिरलेल्यांना हे सांगायला नको. आडव्या वाटा वर्षानुवर्षं टिकतात, आणि कुणीतरी काढलेला सरळ 'शॉर्टकट' दोन पावसाळ्यांत घळ होऊन बसतो. घोडेस्वार हा भाग तेवढा उचलतात: "बघा, दोष घोड्याचा नाही, आखणीचा आहे."

दोन्ही अर्धसत्यं आहेत. टीका म्हणून इथे लिहायला हवा तो मुद्दा वेगळाच: हे सर्वेक्षण आहे, प्रयोग नाही. कोणत्या ट्रेलवर घोडे जातील हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. घोड्यांना दिलेल्या वाटा मुळातच वेगळ्या असू शकतात. कुठे रुंद, कुठे जुन्या गाडीवाटा, कुठे आखणीच बिघडलेली. मग झीज घोड्यामुळे की वाटेमुळे? याला कन्फाउंडिंग म्हणतात. लेखकांनी रिग्रेशन वापरून उतार, कोन वगैरे गोष्टी वेगळ्या काढायचा प्रयत्न केलाय, ही त्यांची जमेची बाजू. पण रिग्रेशन फक्त मोजलेल्या गोष्टी वेगळ्या करू शकतं. न मोजलेल्या नाही. मुलाखतीत 'सॅम्पल लहान' म्हणण्याऐवजी हे सांगितलंत, तर समोरचे मान वर करून बघतील.

लीद, बी आणि 'काहीच उगवलं नाही' याचा अर्थ

आता माझ्या विषयाच्या जवळचा भाग. विरोधकांचा दुसरा मोठा आक्षेप असा, की घोड्यांच्या लिदीतून परकं तण जंगलात शिरतं.

कॅम्पबेल आणि गिब्सन यांनी (२००१) दक्षिण इलिनॉयमधल्या ट्रेलवरची लीद गोळा करून ग्रीनहाउसमध्ये ठेवली. तिच्यातून २३ परक्या जाती उगवल्या. तेवीस! विरोधकांचा दाखला इथे संपतो. पण त्या तेवीसपैकी ट्रेलकडेच्या प्लॉटमध्ये फक्त एकच जात सापडली. स्वारांचा दाखला इथून सुरू होतो. लेखकांचं स्वतःचं म्हणणं दोन भागांत आहे: या जंगलांना लिदीतून येणाऱ्या तणाचा तातडीचा धोका दिसत नाही, पण लिदीतल्या जातींची संख्या बघता सावध राहायलाच हवं. दोन्ही भाग एकत्र वाचायचे आहेत.

२००८ साली गोवर यांनी पूर्व अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स राइडच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडींच्या ठिकाणी गवत, लीद आणि खुरांतली माती गोळा केली. त्यांतला एक वाटा कुंड्यांत चांगल्या परिस्थितीत लावला आणि दुसरा प्रत्यक्ष ट्रेलवरच्या प्लॉटमध्ये टाकला. कुंड्यांत रोपं आली. ट्रेलवर जवळपास काहीच तगलं नाही.

हा प्रयोग मला आवडतो. एकच नमुना दोन ठिकाणी ठेवल्यामुळे 'बी जिवंत आहे का' आणि 'बी तिथे जगेल का' हे दोन प्रश्न वेगळे झाले. ग्रीनहाउसचा आकडा जंगलाचा म्हणून सांगणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे.

पण यावरून 'घोडे तण पसरवत नाहीत' असं म्हणता येईल का? थोडं गणित करू. संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपा आडाखा आहे. 'न' वेळा पाहणी केली आणि घटना एकदाही दिसली नाही, तर तिची खरी शक्यता ९५ टक्के खात्रीने फार तर ३ भागिले 'न' एवढी असू शकते. समजा ३०० प्लॉट पाहिले आणि सगळे रिकामे निघाले. तरीही शक्यता एक टक्क्यापर्यंत असू शकते. आता समजा त्या ट्रेलवर वर्षाला पाच हजार वेळा लीद पडते. एक टक्का म्हणजे पन्नास जागा. आणि तण पसरायला पन्नास जागा लागत नाहीत, एक पुरते. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या पेपरातले नाहीत. मुद्दा एवढाच, की विरळ घटना 'दिसली नाही' यावरून 'घडत नाही' असं म्हणता येत नाही.

शिवाय जागेचा प्रश्न आहे. पूर्वेकडच्या दाट जंगलात जमिनीवर सावली असते, आणि उन्हाची सवय असलेलं कुरणातलं तण तिथे रुजायला धडपडतं. सिएरा नेवाडातल्या उघड्या, ओलसर कुरणांत हेच होईल, असं या पेपरांवरून म्हणता येणार नाही. इलिनॉयचा पेपर कॅलिफोर्नियाच्या कुरणासाठी दाखवणं म्हणजे कोकणातल्या भाताचा प्रयोग मराठवाड्यातल्या ज्वारीला लावण्यासारखं आहे.

उपाय मात्र साधा आहे, आणि पश्चिमेकडच्या बऱ्याच सरकारी जंगलांत तो बंधनकारकही आहे: घोड्यांना तणमुक्त म्हणून प्रमाणित केलेलाच चारा घालायचा. बी घोड्याच्या पोटातून बाहेर पडायला काही दिवस लागतात, म्हणून तसा चारा ट्रेलवर जाण्याच्या आधीपासून सुरू करायचा. जबाबदार घोडेस्वार हे पाळतातही. 'आमच्यामुळे तण येत नाही' म्हणण्यापेक्षा 'येऊ नये म्हणून आम्ही हे करतो' हे म्हणणं किती भक्कम आहे बघा. पहिलं वाक्य एका रोपट्याने खोटं पडतं. दुसरं पडत नाही.

मुद्दा पक्का कुठे आहे?

आता ज्या मुद्द्यांवर मी घोडेस्वारांच्या बाजूने आहे, ते.

कायदा. १९६४ चा 'वाइल्डरनेस ॲक्ट' वन्य म्हणून राखलेल्या प्रदेशांत मोटारी आणि यांत्रिक वाहतूक बंद करतो. घोडा या बंदीत येत नाही. १९६८ च्या राष्ट्रीय ट्रेल कायद्याने नेमलेला पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर, पायी आणि घोडेस्वार अशा दोघांसाठी आहे. सायकलींना तो १९८८ पासून बंद आहे. म्हणजे घोडेस्वार तिथे उपरा नाही. मात्र इथेही एक पायरी गाळू नका: 'बंदी नाही' याचा अर्थ 'हवं तिथे, हवं तेवढं' असा होत नाही. संख्या आणि मोसम यांवर मर्यादा घालायचा अधिकार व्यवस्थापनाला आहे.

दुरुस्ती. अमेरिकी सरकारच्याच तपासणी संस्थेने, गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने, २०१३ साली दिलेल्या अहवालानुसार फॉरेस्ट सर्व्हिसच्या ट्रेलपैकी जेमतेम एक चतुर्थांश त्यांच्या स्वतःच्या निकषांना उतरत होते. तुंबलेल्या दुरुस्तीची रक्कम ३१.४ कोटी डॉलर होती. सेवा मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांवर अवलंबून आहे. २०१६ साली कायदा करून स्वयंसेवकांचा वाटा आणखी वाढवायला सांगितलं गेलं. आता विचार करा: वन्य प्रदेशात मोटार नेता येत नाही, यांत्रिक करवतही सहसा चालत नाही. वाटेवर पडलेलं झाड दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापायचं. मग कुदळी, पहारी, आठवड्याचा शिधा तिथवर कोण नेणार? खेचरं. घोडे-खेचरं पूर्ण बंद केली तर दूरच्या कितीतरी वाटा पायी चालणाऱ्यांसाठीही बुजतील.

घोडेस्वारांच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मला हा वाटतो. तरी त्यावरही एक टीका आहेच. दुरुस्तीसाठी खेचरं लागतात, यावरून सहलीसाठी घोड्यांचे मोठे तांडे कुठेही चालतील हे सिद्ध होत नाही. दुरुस्तीचे तास एका पारड्यात आणि उकरलेली माती दुसऱ्या पारड्यात घालून वजन करता येत नाही, कारण दोन्हींची एककं वेगळी आहेत.

या फरकाचं बोलकं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिकोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांचा खटला. पायी फिरणाऱ्यांच्या 'हाय सिएरा हायकर्स असोसिएशन'ने नॅशनल पार्क सर्व्हिसला कोर्टात खेचलं. जानेवारी २०१२ मध्ये निकाल पार्क सर्व्हिसच्या विरोधात गेला. लगेच बोभाटा झाला, की कोर्टाने घोडे बंद केले. पण प्रश्न होता व्यावसायिक सेवेचा, म्हणजे पैसे घेऊन घोडे-खेचरं पुरवणाऱ्यांचा. वन्य प्रदेशात अशी सेवा कायद्यानुसार 'आवश्यक तेवढीच' चालते, आणि आवश्यक म्हणजे नेमकी किती, हे पार्क सर्व्हिसने नीट ठरवलंच नव्हतं. पुढे मोसम बुडू नये म्हणून जून २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला. बघा, एवढा मोठा वाद झाला, पण त्याच्या मुळाशी 'घोडा किती माती उकरतो' हा प्रश्न नव्हताच. 'किती घोडे लागतात आणि कशासाठी' हा होता. मातीचे शंभर पेपर लिहिले तरी त्याचं उत्तर त्यांत मिळणार नाही.

माती की नाराजी?

अजून एक गोष्ट बोलायला हवी. जेकब आणि श्रेयर यांनी १९८० मध्ये मांडलं, की दोन प्रकारच्या फिरणाऱ्यांत संघर्ष होतो तो एकाच्या हेतूत दुसऱ्याची आडकाठी झाल्यामुळे. नंतरच्या पाहण्यांत हा संघर्ष बऱ्याचदा एकतर्फी दिसला: पायी चालणाऱ्यांना घोड्यांचा त्रास जास्त वाटतो, स्वारांना चालणाऱ्यांचा तितका नाही. लीद, माश्या, धूळ, बाजूला सरून उभं राहावं लागणं.

हा त्रास खोटा नाही. शांततेसाठी तीन दिवस चालून गेलेल्याला लिदीतून वाट काढावी लागली तर त्याने तक्रार का करू नये? पण ती तक्रार नाराजीची आहे, तिला मृदाशास्त्राचा कोट घालू नये. तसंच, घोडेस्वारांचं प्रेम वारशावर आणि जनावरावर आहे. त्यालाही आकडेवारीचा आधार शोधायची गरज नाही. 'आम्हाला हे मोलाचं वाटतं' हे लोकशाहीत सांगता येतं.

आणि माथेरान?

हा विषय सांगितला की दर वेळी कुणीतरी विचारतं, "मग माथेरानला हे लावता येईल?" प्रश्न साहजिक आहे. मोटारींना बंदी, घोड्यांची वर्दळ, लाल माती, आणि रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालावेत की नाही यावरून झालेला वाद. पण लगेच लावू नका. मोन्टानाच्या प्रयोगातला पाऊस आणि आपला जून-जुलैचा पाऊस यांची तुलनाच नाही. जांभ्याची माती वेगळी. आणि मुख्य म्हणजे तिथला घोडेवाला सुट्टीत रपेट मारायला आलेला नाही, ते त्याचं पोट आहे. अमेरिकेतल्या पेपरातून पद्धत घ्या: प्लॉट कसे आखायचे, उताराचा कोन कसा मोजायचा, भिजलेली आणि कोरडी वाट वेगळी कशी ठेवायची. निष्कर्ष मात्र आपल्या मातीत मोजूनच काढावे लागतील. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर इथे एक पडलेला आहे, उचला.

शेवटी माझं वाक्य

त्या आठवड्यानंतर माझं वाक्य असं झालं: 'प्रायोगिक अभ्यासांत घोड्यांच्या फेऱ्यांमुळे माणसांच्या फेऱ्यांपेक्षा जास्त माती मोकळी झाल्याचे दिसते. प्रत्यक्ष ट्रेलवरील धूप मात्र वापराच्या प्रकाराबरोबरच चढ, आखणी आणि निचरा यांच्याशी निगडित आहे.' कमी भारदस्त आहे, पण कुणी 'काय मोजलंय' विचारलं तर आता मला उत्तर देता येतं.

आणि घोडेस्वारांना सल्ला द्यायची माझी पात्रता असती तर मी म्हणाले असते: घोडा नुकसान करत नाही हे सिद्ध करायच्या नादी लागू नका. करतो. तो कुठे, कधी आणि किती करतो हे मान्य करा. भिजलेल्या मोसमात वाट बंद ठेवायला, तांड्याची संख्या मर्यादित ठेवायला आणि नाजूक कुरणं सोडायला तयार व्हा. त्या बदल्यात नीट आखलेल्या वाटांवरचा आपला हक्क ठामपणे मागा. असा हक्क पुढच्या एका पेपराने डळमळणार नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातलं, सगळेच संदर्भासकट लिहितात असं एक वाक्य निवडा. मूळ पेपर काढा आणि चार प्रश्न विचारा. काय मोजलंय? कशाच्या तुलनेत? कुठे? आणि लेखकाने न विचारलेल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लोक ते वापरतायत? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, की मुलाखतीत सॅम्पल साइझची आठवणही येणार नाही.